जळगावचा त्वचारोग दवाखाना: जुन्याच तुकड्यातून निघालेलं निदान

अंगभर काळे ठिपके, त्यांच्या मधे फिके ठिपके, खाज नाही, दुखणं नाही, आणि जाल तिथं नवीन नाव, असं ज्यांचं चाललंय त्यांनी जळगावच्या या दवाखान्यात एकदा जावं. मी चोपड्याचा. मोटर भरायचं दुकान आहे. वय अडतीस. दवाखाना रिंग रोडच्या भागात पहिल्या मजल्यावर आहे. डॉक्टर मॅडम एकट्याच बघतात, आहे तीच गर्दी त्यांना आवरत नाही, म्हणून नाव जाहीर लिहू नका असं त्यांनी सांगितलं. ज्याला खरंच गरज असेल त्यानं मला विचारावं, मी पत्ता देईन.

आधी माझं काय होतं ते सांगतो, त्याशिवाय या दवाखान्यानं नेमकं काय केलं ते कळणार नाही. दुसरी-तिसरीत असताना पायांवर ठिपके दिसायला लागले. मग हात, पोट, पाठ. दहावीपर्यंत तळहात, तळपाय आणि चेहऱ्याचा बराचसा भाग सोडून सगळं अंग भरलं. तपकिरी-काळपट ठिपक्यांची जाळी आणि तिच्यात दोन-चार मिलीमीटरचे फिके ठिपके. हात फिरवला तर कातडी जवळजवळ गुळगुळीत. गावात एकच शब्द, कोड. आई मला अडावदजवळच्या उनपदेवला न्यायची. तिथल्या गरम झऱ्याच्या पाण्यानं कातडीचे रोग जातात असं आमच्या पट्ट्यात जुन्या माणसांपासून मानतात. आई श्रद्धेनं न्यायची आणि त्या पाण्यानं माझं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते औषधांनी. एका ठिकाणी कोड समजून सोरालेनच्या गोळ्या दिल्या आणि उन्हात बसायला सांगितलं. आपल्याकडचं वैशाखाचं ऊन, पारा ४५ च्या वर, आणि त्यात ती गोळी. पाठीला फोड आले, पालथं झोपावं लागायचं. सोरालेन कातडीला उन्हासाठी नाजूक करतं आणि खऱ्या कोडात ते मोजून-मापून वापरतात, हे मला या मॅडमनी पहिल्यांदा समजावून सांगितलं. दुसऱ्या एका ठिकाणी गोरं करायची मिश्र क्रीम मिळाली, आत स्टिरॉइड. मानेची कातडी पातळ होऊन लाल शिरा दिसायला लागल्या, ठिपके जिथल्या तिथं. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाला माणसं आली की माझ्यापाशी थांबायचीच. कापूस फिरवून बघायची, संवेदना नीट आहे म्हणून लिहून जायची. त्यांची काही चूक नाही, ते त्यांचं काम आहे. पण ते गेल्यावर शेजारच्या घरात मला पाणी वेगळ्या पेल्यात मिळायचं.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात पाठीचा तुकडाही काढून तपासला होता. रिपोर्टात निष्कर्ष एका ओळीचा: सुजेनंतर राहिलेला काळेपणा. तो कागद मी फायलीत लावला आणि विषय बंद केला.

आता दवाखान्याकडे येतो. पहिल्या भेटीत मॅडमनी माझा शर्ट काढायला लावला, पँट गुडघ्याच्या वर घ्यायला लावली, खिडकीचा पडदा उघडला आणि उजेडात पुढून-मागून सगळं अंग पाहिलं. इतक्या वर्षांत हे कोणी केलं नव्हतं. सगळे हाताचा पंजा आणि कोपर बघून मोकळे व्हायचे. मग प्रश्न सुरू झाले. ठिपके कितव्या वर्षी आले? आधी तिथं लाली, खाज, पुरळ होतं का? लहानपणी थोड्या उन्हानंच अंग भाजल्यासारखं व्हायचं का, डोळ्यांना उजेड सोसायचा नाही का? विहिरीचं पाणी पिता की बोअरचं? सोमल घातलेलं एखादं जुनं औषध खूप काळ घेतलं का? घरात आणखी कोणाला आहे? आई-वडील नात्यातले आहेत का?

प्रत्येक प्रश्नामागं एकेक रोग होता, हे त्यांनी नंतर उलगडून सांगितलं. सोमल म्हणजे आर्सेनिक. ते पाण्यातून किंवा औषधातून बरीच वर्षं पोटात गेलं तर काळ्या कातडीवर फिके थेंब उठतात, आणि तळहातांवर कठीण कण येतात. माझे तळहात त्यासाठी त्यांनी बोट दाबून दाबून पाहिले. झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाच्या रोगात लहानपणापासून ऊन सोसत नाही, आणि ठिपके उन्हाच्या जागी, चेहऱ्यावर जास्त असतात. डिसक्रोमॅटोसिस नावाचा आणखी एक रोग आहे, तो दिसायला जवळजवळ माझ्यासारखाच. तो आणि माझा यांत फरक करायचा तर कातडीच्या आत बघावंच लागतं. कोपराजवळची नस जाड झाली आहे का तेही चाचपलं, गरम-थंड कळतं का पाहिलं, कुष्ठरोगाची शंका तिथंच संपवली. खोली अंधारी करून वुड्सचा दिवा, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला. कोडाचा डाग त्या दिव्याखाली पांढराफेक चमकतो, कारण तिथं रंग उरलेलाच नसतो. माझे फिके ठिपके नुसतेच फिके दिसले.

आई बरोबर होती. तिला राहवलं नाही. "हाई कोड नही ना बाई?" मॅडम धुळ्याकडच्या. त्यांनी तिच्याच बोलीत उत्तर दिलं, "नही माय, कोड नही शे हाई." आईनं पदर तोंडाला लावला. तीस वर्षं ती हा शब्द ऐकत आली होती.

मग मॅडमनी जुनी फाईल मागितली आणि तो एका ओळीचा रिपोर्ट वाचला. मला वाटलं आता नवा तुकडा. त्यांनी विचारलं, "याचा ब्लॉक त्या लॅबकडे असेल, आणता येईल का?" ब्लॉक म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. कातडीचा काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसापेक्षा पातळ काप काढून काचेवर लावतात आणि रंगवून बघतात. काप काढले तरी ठोकळा लगेच संपत नाही, तो लॅबकडे जपून राहतो. पेशंटनं मागितला तर मिळतो. ही एवढी माहिती आपल्याकडे हजारो लोकांना माहीत हवी. मी अर्ज केला, ओळखपत्राची झेरॉक्स जोडली, पावतीवर सही केली आणि माझ्याच पाठीचा तुकडा छोट्या प्लास्टिकच्या डबीत घेऊन एसटीनं धानोरा, विदगाव करत जळगावला आलो.

मॅडमनी तपासणीच्या फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: अमायलॉइडचा संशय, जाड काप घेऊन काँगो रेड करावा. माझ्या मते या दवाखान्याचं सगळं कौशल्य त्या एका ओळीत आहे. अमायलॉइड म्हणजे शरीरात साठून बसणारं एक बिघडलेलं प्रथिन, आणि काँगो रेड हा ते दाखवणारा खास रंग. नेहमीच्या रंगात अमायलॉइडचे छोटे साठे नुसते गुलाबी दिसतात, आजूबाजूचं कातडीचं द्रव्यही गुलाबीच, त्यामुळे थोडे असतील तर नजरेतून सुटतात. काप नेहमी चार-पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) घेतात, काँगो रेडसाठी आठ-दहाचे घ्यावे लागतात. फॉर्मवर कोणी विचारलंच नाही तर लॅबवाला खास रंग कशाला करेल? मोटर दुकानात आली की शेतकरी सांगतो, जळली. मी झाकण उघडून मीटर लावल्याशिवाय बोलत नाही, आणि मीटर नेमका कुठं लावायचा ते ठरवल्याशिवाय मीटरही काही सांगत नाही. मॅडमना कुठं बघायचं ते माहीत होतं.

स्लाइड तयार झाल्यावर मला स्वतः बघायची होती. मॅडमनी पॅथॉलॉजिस्टना, म्हणजे लॅबमध्ये तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरांना, फोन केला, आणि त्यांनी मला खरंच बसवून दाखवलं. आधी साध्या उजेडात: कातडीचा वरचा थर, त्याच्या लगेच खाली विटकरी-नारिंगी रंगाचे गोळे. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकात ध्रुवीकरणाची काच फिरवली. सगळं काळं झालं, आणि तेवढेच गोळे हिरवे चमकायला लागले. सफरचंदी हिरवा म्हणतात त्या रंगाला. मी बराच वेळ बघत होतो. हे माझ्या पाठीत लहानपणापासून होतं, आणि या तुकड्यात तर रिपोर्ट लिहिला त्या दिवशीही होतं.

पॅथॉलॉजिस्ट मोकळे माणूस. त्यांनी सांगितलं की काँगो रेड हा मुळात कापूस रंगवायचा रंग. १८८३-८४ च्या सुमारास जर्मनीत पॉल बॉटिगर यांनी तो बनवला, आणि आधी तुरटीसारखं काही न लावता सुतावर थेट बसणारा तो पहिला बनवलेला रंग. १९२२ मध्ये बेनहोल्ड यांच्या लक्षात आलं की तो अमायलॉइडवरही धरतो. नंतर १९२७ च्या सुमारास तो हिरवा चमकाराही सापडला. कापसाच्या मुलखातला माणूस मी, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

मॅडमना फिक्या ठिपक्याच्या जागचा तुकडाही हवा होता, तो त्यांनी दवाखान्यातच घेतला. भुलीचं इंजेक्शन चावतं, नंतर काही कळत नाही. चार मिलीमीटरचा गोल पंच, एक टाका, वर पट्टी. काळ्या जागीही अमायलॉइड, फिक्या जागीही अमायलॉइड. एवढं झाल्यावर त्यांनी नाव सांगितलं: अमायलॉइडोसिस क्युटिस डिसक्रोमिका. १९७० साली जपानमध्ये मोरिशिमा यांनी या रोगाचं वेगळं वर्णन केलं. अत्यंत दुर्मिळ. बहुतेक रुग्ण आशियातले.

समजावून सांगण्याची मॅडमची पद्धत मला आवडली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अमायलॉइड म्हणजे नीट घडी न पडलेलं प्रथिन. त्याचे बारीक धागे तयार होतात, ते विरघळत नाहीत, साठून बसतात. माझ्या बाबतीत ते कातडीच्याच मेलेल्या पेशींमधल्या केराटिनचं बनतं आणि कातडीतच राहतं. अमायलॉइड म्हटलं की मोबाईलवर हृदय आणि मूत्रपिंड निकामी झाल्याचं वाचायला मिळतं. तो आजार वेगळा, तिथलं प्रथिनही वेगळं. तरी मन निर्धास्त व्हावं म्हणून त्यांनी लघवीतलं प्रथिन आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतलं. दोन्ही नीट. महागड्या तपासण्यांची यादी हातात दिली नाही. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितोय.

आई-वडील नात्यातले का, हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी विचारला होता, त्याचं कारण आता कळलं. आई ही माझ्या वडिलांची मामेबहीण. आपल्याकडे मामाची पोरगी करणं म्हणजे घरातलंच, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. हा रोग बहुतेक घरांत तेव्हाच दिसतो जेव्हा एकाच जनुकाची बिघडलेली प्रत आईकडूनही येते आणि बापाकडूनही. ते जनुक २०१८ मध्ये सापडलं, जीपीएनएमबी नावाचं. कातडीला रंग देणाऱ्या पेशींशी त्याचा संबंध आहे. मॅडम आईशी बोलताना फार सांभाळून बोलल्या. तुमचं काही चुकलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुढच्या पिढीत नात्यातली सोयरीक करू नका, एवढंच म्हणाल्या. माझी बायको नात्यातली नाही, धरणगावकडची आहे, त्यामुळे आमच्या मुलांना हा रोग होण्याची शक्यता फारच कमी. तो हिशेब त्यांनी कागदावर चौकोन काढून दाखवला.

मग बहिणीला बोलावलं. ती शहाद्याला दिली आहे. तिच्याही अंगावर तेच, माझ्यापेक्षा थोडं कमी, आणि तिनं सासरी पूर्ण बाह्यांचं पोलकं सोडून कधी काही घातलं नाही. तिला वेगळा तुकडा काढायचा का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, एका भावाचं पक्कं झालंय, चित्र तेच आहे, उगाच कशाला टाका. त्या दिवशी तिच्याकडून नुसती तपासणीची फी घेतली.

उपचाराचं खरं सांगतो. रोग पुसून टाकणारं औषध नाही, आणि मॅडमनी तसं तोंडावर सांगितलं. उन्हापासून जपा, पूर्ण बाह्यांचं सुती घाला, सनस्क्रीन लावा, अंग घासू नका. ॲसिट्रेटिनच्या गोळीनं काही रुग्णांचे डाग फिके झाले आहेत, पण ती यकृत आणि रक्तातली चरबी तपासत घ्यावी लागते, आणि थांबवली की डाग परत येऊ शकतात. बहिणीला ती गोळी साफ नाही म्हणून सांगितली. पोटात बाळ असेल तर त्याला व्यंग येतं, आणि गोळी बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू देता येत नाही. मी घ्यावी की नाही, विचार करा म्हणाल्या. मी विचार करून सध्या घेतलेली नाही. लेझरचं मशीन दवाखान्यात आहे, फलकावर त्याचे दरही आहेत. माझ्यासाठी मॅडमनी त्याचं नावसुद्धा काढलं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी फुकट दिली. दवाखान्याच्या लेटरहेडवर मराठीत लिहून सही-शिक्का दिला: हा कोड नाही, कुष्ठरोग नाही, संसर्गजन्य नाही, आयुष्याला धोका नाही. बहिणीनं तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला. माझी प्रत दुकानात स्टार्टरच्या बोर्डाशेजारी लॅमिनेट करून लावली आहे. गिऱ्हाईक वाचतं, विचारतं, मी सांगतो.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. तपासणीची खोली आणि बाहेरचा बाकडा यांच्या मधे नुसतं प्लायवुड आहे. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. मी बसलो होतो तेव्हा आत एका मावशींना मॅडम सांगत होत्या की पाठीच्या वरच्या भागावरचा काळेपणाही अमायलॉइडचाच, पण तो साधा आणि आपल्याकडे भरपूर दिसणारा प्रकार, रोज वज्री आणि नायलॉनच्या जाळीनं पाठ घासू नका. मला त्या सल्ल्याचा उपयोग झाला, पण मावशींची गोष्ट मी ऐकायला नको होती. आणि कातडीच्या रोगाचा माणूस आधीच लाजून आलेला असतो. इथं भिंत बांधायलाच हवी. बायकांच्या तपासणीच्या वेळी तर फारच अवघड होतं.

दुसरं, नंबर. सकाळी जाऊन नाव लिहायचं आणि दुपारपर्यंत बसायचं. चोपडा, यावल, पारोळ्याकडून येणाऱ्याचा पूर्ण दिवस जातो. फोनवर नंबर घेतात म्हणतात, पण फोन लागत नाही. बसायला पंखे आहेत, पिण्याचं पाणी गार असतं, उन्हाळ्यात त्याची किंमत कळते. तिसरं, खास रंगाचा रिपोर्ट सांगितल्यापेक्षा बराच उशिरा आला. नेहमीच्या तपासण्यांसारखा तो रोज लावत नाहीत, चार-पाच स्लाइड जमल्या की लावतात. हे आधी सांगितलं असतं तर माझी एक खेप वाचली असती. पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट फक्त इंग्रजीत मिळतो.

खर्च: तपासणी ५०० रुपये, जुन्या ब्लॉकवरच्या काँगो रेडचे ८००, नवा तुकडा काढून तपासणीसकट ३,००० च्या आत. आधीच्या क्रीम आणि गोळ्यांवर गेलेले पैसे मोजले तर हे फार थोडे.

जाताना जुने सगळे कागद न्या, फिकट झालेली झेरॉक्ससुद्धा. आधी कुठं तुकडा काढला असेल तर रिपोर्टावर त्याचा नंबर असतो, तो दाखवून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा. अर्ज साध्या कागदावर चालतो. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. घरात भाऊ, बहीण, आत्या, मावशी कोणाच्या अंगावर असंच असेल तर त्यांना बरोबर न्या, निदान मोबाईलवर उजेडातले फोटो तरी न्या. अंगाला तेल, पावडर, क्रीम काही लावून जाऊ नका, मॅडम परत धुवायला लावतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या प्लायवुडसाठी कापला आहे, आणि हे मी मॅडमनाही सांगितलं आहे. दिवाळीनंतर भिंत बांधून घेते म्हणाल्या.